गलगंड व आयोडीनयुक्त मीठ

मानेच्या पुढील भागातील अवटू (थायरॉइड) ग्रंथी वाढून येणारी सूज म्हणजे गलगंड. सुश्रुतसंहितेत त्याचे वातज, कफज व मेदज असे प्रकार दिले आहेत. ते सारेच आयोडिनाच्या न्यूनतेचे होते असे मानणे धाडसाचे ठरेल.

प्रौढाला रोज सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, गर्भवतीला सुमारे २५०. पुरवठा घटला की मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष (पिट्युइटरी) ग्रंथीचे अवटू-उद्दीपक संप्रेरक (हॉर्मोन) वाढते आणि अवटू ग्रंथी फुगते. सूज दिसते म्हणून तिची चर्चा होते. खरी हानी गर्भाच्या मेंदूची, आणि ती पुढे भरून निघत नाही.

कारणाविषयी दीर्घकाळ मतभेद होते. जिनीव्हाचे डॉक्टर क्वांदे यांनी १८२० मध्ये गलगंडावर आयोडीन वापरले. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ शातँ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास माती-पाण्यातील आयोडिनाशी त्याचा संबंध जोडला, पण समकालीनांना तो पटला नाही. पुढे ब्रिटिश डॉक्टर रॉबर्ट मॅकॅरिसन यांना गिलगिटमध्ये एकाच पाटावरील खालच्या गावांत गलगंड वाढत गेलेला दिसला. स्वयंसेवकांना पाण्यातला गाळ पाजल्यावर सूज आली, उकळलेल्या गाळाने आली नाही; त्यावरून त्यांनी दोष जंतूंना दिला. निरीक्षणे मोलाची आहेत, तथापि दूषित पाणी हे साहाय्यक कारण मानणे अधिक योग्य वाटते. कोबीवर्गीय भाज्या व बाजरी यांतील गलगंडकारक द्रव्यांचेही तसेच. आयोडीन पुरेसे असेल तर नेहमीच्या आहारात त्यांची धास्ती नको.

भारतात निर्णायक ठरला तो विकृतिशास्त्रज्ञ रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांचा कांगडा खोऱ्यातील प्रयोग (१९५६ पासून). तीन विभागांपैकी एकात पोटॅशियम आयोडाइडचे, दुसऱ्यात पोटॅशियम आयोडेटचे व तिसऱ्यात साधे मीठ दिले. पहिल्या दोन विभागांत शाळकरी मुलांतील गलगंड स्पष्टपणे घटला. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

दमट हवेत आयोडाइड लवकर विघटते, म्हणून आपल्याकडे आयोडेट वापरतात. त्यात वजनाने ५९ टक्के आयोडीन असते. टनभर मिठात ३० ग्रॅम आयोडीन हवे तर सुमारे ५१ ग्रॅम आयोडेट लागते. त्याचे द्रावण मिठावर फवारतात. मीठ ओले किंवा मातकट असेल, अथवा नीट घोळले गेले नाही, तर एकाच पोत्यात प्रमाण कमीजास्त होते. प्रमाण उत्पादनस्थळी दशलक्ष भागांत ३० व ग्राहकापाशी किमान १५ असावे. स्टार्चच्या थेंबाने येणारा निळा रंग आयोडीन आहे एवढेच सांगतो. नेमके प्रमाण थायोसल्फेटच्या अनुमापनाने (प्रयोगशाळेतील टायट्रेशन) कळते.

मिठागरातले जाडे मीठ व सैंधव यांत प्रक्रियेशिवाय पुरेसे आयोडीन नसते. मीठ झाकणबंद बरणीत, चुलीपासून दूर ठेवावे आणि शक्यतो शिजवण्याच्या शेवटी घालावे. जाडे मीठ धुऊन वापरल्यास वरचे आयोडेट पाण्याबरोबर जाते. जुना गाठाळ गलगंड असलेल्या वयस्करांत आयोडीन एकदम वाढल्यास ग्रंथी अतिक्रियाशील होऊ शकते. छातीत धडधड, हातांना कंप व वजनात घट दिसताच रक्ततपासणी करावी.