मान्सून आला की चाचे घरी

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतून टॉवेलांचा कंटेनर ट्रकने न्हावा शेवाला जातो आणि तिथून युरोपच्या वाटेला लागतो. जवळची वाट अरबी समुद्र, एडनचं आखात आणि सुएझ अशी. 2008 ते 2011 या काळात सोमाली चाच्यांनी याच पट्ट्यात उच्छाद मांडला होता. त्यांच्या बंदुकांवर पुष्कळ लिहून झालंय. मला त्याहून रंजक वाटतो तो वारा.

जहाज पळवायचं म्हणजे आधी गाठायचं आणि मग चढायचं. चाच्यांची स्किफ म्हणजे सात-आठ मीटरची फायबरची होडी. 25 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 46 किलोमीटर वेगाने धावणारी. धान्य किंवा खनिज वाहणारं मालवाहू जहाज धावतं जेमतेम 14 नॉटने, म्हणजे 26 किलोमीटरने. होडी पाच किलोमीटर मागे असताना दिसली, तर कप्तानाच्या हाती उरतात पंधरा मिनिटं. आणि ती वेळेत दिसेलच असंही नाही. फायबरवरून रडारच्या लहरी नीट परतत नाहीत, त्यात लाटांचे ठिपके पडद्यावर गर्दी करतात.

तेच जहाज 18 नॉटने पळालं तर तेवीस मिनिटं मिळतात. फरक किरकोळ वाटेल, पण इतक्या वेगात जहाजाच्या कडेचं पाणी इतकं घुसळतं की होडी बाजूला टेकवून शिडी अडकवणं महाकठीण होतं. सोमाली हल्ल्यांच्या त्या काळात जहाजांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत स्पष्ट नोंद होती: 18 नॉटपेक्षा जास्त वेगाने जाणाऱ्या जहाजावर चाचे चढल्याची एकही घटना नाही. दुसरी ढाल उंचीची. मालाने भरलेलं जहाज खोल बसतं आणि डेक पाण्यापासून जेमतेम दुमजली घराएवढा उरतो. कंटेनरवाहू जहाजं बहुधा उंच आणि वेगवान, म्हणून आपले टॉवेल तुलनेने सुरक्षित. अर्थात 2009 मध्ये चाचे चढले ते ‘मर्स्क अलाबामा’ कंटेनरवाहूच होतं.

आता वारा. जून ते सप्टेंबर विषुववृत्त ओलांडून येणारे वारे केनियाच्या डोंगरांना अडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात आणि सोमालियाच्या किनाऱ्याला लागून सुसाट भारताकडे निघतात. हा सोमाली जेट. 1969 मध्ये हवामानशास्त्रज्ञ फिंडलेटर यांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं. लाट किती उंच होणार हे वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहतो आणि किती अंतर मोकळं मिळतं यावर ठरतं. इथे तिन्ही भरपूर! शिवाय लाटेची उंची दुप्पट झाली की तिची ऊर्जा चौपट होते. तीन-चार मीटरच्या लाटांत छोट्या स्किफचं काय चालणार? म्हणून भर पावसाळ्यात तिथले हल्ले बहुधा घटायचे. आपल्या कोकणातल्या होड्याही तेव्हा किनाऱ्यावरच असतात.

याच वाऱ्याचं बाष्प सह्याद्रीवर रितं होतं आणि सोलापूर आभाळाकडे बघत बसतं. आपला सर्वाधिक पाऊस सप्टेंबरचा, म्हणजे जेट ओसरत असतानाचा. आणि तिकडे नेमका तेव्हाच समुद्र होड्यांसाठी मोकळा होऊ लागतो.

‘रुएन’ हे मालवाहू जहाज पळवलं गेलं 14 डिसेंबर 2023 ला, म्हणजे जेट नसतानाच. पुढे चाच्यांनी त्याचाच तळ म्हणून वापर केला. 16 मार्च 2024 ला भारतीय किनाऱ्यापासून सुमारे 2600 किलोमीटरवर ‘आयएनएस कोलकाता’ ही युद्धनौका आणि विमानातून उतरवलेल्या नौदलाच्या मार्कोस कमांडोंनी ते सोडवलं. सतरा खलाशी सुखरूप सुटले आणि शरण आलेल्या पस्तीस चाच्यांना मुंबईत पोलिसांच्या हवाली करण्यात आलं.