एचआयव्ही-२ : कोकण किनारपट्टीवरील संसर्ग

एड्सला कारण ठरणाऱ्या दोन विषाणूंपैकी कमी आढळणारा आणि आजार संथपणे वाढवणारा विषाणू. भारतातील बहुसंख्य संसर्ग एचआयव्ही-१च्या ‘सी’ उपप्रकाराचे असतात. एचआयव्ही-२च्या नोंदी मुख्यतः पश्चिम व दक्षिण भारतातल्या आहेत. मुंबईतील रुग्णांत तो १९९०च्या दशकाच्या आरंभी दाखवून देण्यात आला. लैंगिक संबंध, रक्त, सुया आणि आईकडून बाळाला हे प्रसाराचे मार्ग दोन्ही विषाणूंना समान आहेत.

हा विषाणू या किनाऱ्यावर कसा पोहोचला, याबद्दल मतभेद आहेत. मुळात तो पश्चिम आफ्रिकेतील ‘सूटी मँगाबी’ या माकडांतील विषाणूपासून आला (एचआयव्ही-१ चिंपांझींकडून) यावर मात्र एकमत आहे. १९८६ मध्ये लिस्बनच्या रुग्णालयांत दाखल झालेल्या पश्चिम आफ्रिकी रुग्णांमध्ये तो प्रथम वेगळा ओळखला गेला. जनुकीय बदलांच्या वेगावरून केलेल्या एका अनुमानानुसार त्याचा ‘अ’ गट माणसात १९४०च्या आगेमागे शिरला असावा आणि गिनी-बिसाऊमधील १९६३–७४ च्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात तो वेगाने पसरला असावा. पोर्तुगाल, अंगोला, मोझांबिक आणि भारताचा पश्चिम किनारा या पोर्तुगीज संबंध असलेल्या प्रदेशांत तो आढळतो. त्यामुळे गोव्यामार्गे त्याचा प्रवेश झाला, हे मत बराच काळ प्रचलित आहे.

या मताला कालक्रमाची अडचण आहे. गोव्यातील पोर्तुगीज सत्ता डिसेंबर १९६१ मध्येच संपली, म्हणजे गिनी-बिसाऊतील युद्ध पेटण्यापूर्वी. वसाहतकालीन सैनिक वा कारकुनांनी विषाणू थेट आणला असे मानण्यापेक्षा, नंतरच्या दशकांत आफ्रिका, पोर्तुगाल आणि पश्चिम भारत यांच्यात चालू राहिलेली ये-जा व मुंबईसारखी बंदरे यांना महत्त्व देणे अधिक सयुक्तिक वाटते. भारतात आढळलेला विषाणू ‘अ’ गटाचा आहे. परंतु हा गट सेनेगल व गांबियातही असल्याने केवळ गटावरून वाट ठरत नाही. प्रवेश एकदाच झाला की अनेकदा, हेही खुले ठेवणे बरे.

निदानातील खरी अडचण चाचणीच्या पट्टीवर दिसते. आयसीटीसीमधील (एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रातील) काही जलद चाचण्यांच्या पट्टीवर नियंत्रण रेषेखेरीज ‘१’ आणि ‘२’ अशा दोन जागा असतात. त्या एचआयव्ही-१च्या जीपी-४१ व एचआयव्ही-२च्या जीपी-३६ या आवरण-प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे पकडतात. ही प्रथिने बरीच सारखी असल्यामुळे एका विषाणूची प्रतिपिंडे दुसऱ्याच्या जागीही चिकटतात आणि तिन्ही रेषा उमटतात. असा निकाल दुहेरी संसर्गाचा असेलच असे नाही. म्हणून ‘२’ची रेषा दिसलेला नमुना खातरजमेसाठी संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो. सावंतवाडी वा दापोलीच्या बाजूने आलेल्या माणसाला ही दुसरी फेरी जड जाते, तरी ती टाळता येत नाही. नेहमीची विषाणूभार (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) चाचणी एचआयव्ही-१साठी घडवलेली असून ती एचआयव्ही-२ मोजत नाही. तिचा ‘विषाणू आढळला नाही’ हा निकाल अशा रुग्णाला खोटा दिलासा देऊ शकतो. या रुग्णांत सीडी-४ या रोगप्रतिकारक पेशींची संख्या व प्रकृती यांवरच अधिक भिस्त ठेवावी लागते.

उपचारातला फरक याहून मोठा. नेव्हिरापिन आणि एफाव्हिरेन्झ ही औषधे विषाणूच्या प्रतिलेखन विकरातील एका खाचेत बसून त्याचे काम थांबवतात. एचआयव्ही-१मध्ये त्या खाचेशी १८१ व १८८ या स्थानांवर टायरोसिन हे अमिनो आम्ल असते, एचआयव्ही-२मध्ये त्या जागी आयसोल्युसिन व ल्युसिन असतात. परिणामी औषध तेथे बसतच नाही. १ एप्रिल २००४ पासून देशात मोफत एआरटी (विषाणूरोधक औषधोपचार) सुरू झाली, तेव्हाच्या तीन औषधांच्या मुख्य मिश्रणात नेव्हिरापिन होते. एचआयव्ही-२ न ओळखलेल्या रुग्णाला त्यामुळे प्रत्यक्षात दोनच औषधे मिळत. बाळाला संसर्ग टळावा म्हणून दिले जाणारे नेव्हिरापिनचे सिरपही येथे निरुपयोगी असल्याने झिडोव्हुडिन हे दुसरे औषध द्यावे लागते. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन व डोलुटेग्रॅव्हिर यांची एकत्र गोळी आल्यापासून ही विषमता बरीच कमी झाली, कारण तिन्ही घटक दोन्ही विषाणूंवर चालतात. पैकी पहिले दोन हिपॅटायटिस-बीवरही गुणकारी आहेत. म्हणून दोन्ही आजार असलेल्याने गोळ्या मनाने बंद केल्या, तर यकृताचा दाह उसळतो.

सहसंसर्गांत क्षयरोग सर्वांत महत्त्वाचा. रिफाम्पिसिन या क्षयरोगावरील औषधामुळे डोलुटेग्रॅव्हिरची रक्तातील पातळी घटते. त्यामुळे क्षयोपचार चालू असेतो ५० मिग्रॅ.ची मात्रा दिवसातून दोनदा घेतात.

कोकणात उपचारातील सातत्याला कामाच्या ऋतुचक्राचा अडसर होतो. हर्णै वा मिरकरवाड्याच्या बोटीवरील खलाशी एकदा खोल समुद्रात गेला की अनेक दिवस बंदराला लागत नाही. त्यांतले कित्येक नेपाळ वा कर्नाटकातून आलेले असतात आणि १ जूनपासूनच्या मासेमारीबंदीत गावी परततात. मुंबईत नोंदणी असलेला चाकरमानी गणपती-शिमग्याला घरी येतो, तेव्हा गोळ्या संपल्या तर ओळखीच्या तालुक्यात विचारायला तो कचरतो. एकाच वेळी अनेक महिन्यांची औषधे देण्याची पद्धत अशांसाठी सोय नसून गरज आहे.

ओळखले जाण्याची ही भीती आकाशातून पडलेली नाही. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा या रक्तदात्याला संसर्ग आढळल्यावर सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली ६४ दिवस एकांतात डांबले गेले. त्याविरुद्धच्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. डांबून ठेवण्याने संसर्ग थांबत नाही. लोक चाचणीला येईनासे होतात. संमतीविना चाचणी व भेदभाव यांना मनाई करणारा केंद्रीय कायदा २०१७ मध्ये संमत झाला व १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला.

उपचारातूनच प्रतिबंध या विचाराचा पाया ‘एचपीटीएन-०५२’ या औषधोपचाराच्या चाचणीने घातला. पुणे व चेन्नई ही तिची भारतातील केंद्रे होती. लवकर उपचार सुरू केल्यास जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, असे तिने २०११ मध्ये दाखवले. विषाणूभार मोजता न येण्याइतका खाली राहिल्यास लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही, हे पुढे सिद्ध झाले. हा सर्व पुरावा एचआयव्ही-१चा आहे. सहा महिन्यांतून एकदा टोचायच्या लेनाकापॅव्हिर या प्रतिबंधक औषधाच्या २०२४ मधील चाचणीत, ते टोचलेल्या दक्षिण आफ्रिका व युगांडातील २,१३४ तरुणी व किशोरींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२५ मध्ये त्याची शिफारस केली. प्रयोगशाळेत मात्र ते एचआयव्ही-२वर बरेच कमी प्रभावी ठरते. या किनाऱ्यावर ते वापरात आणताना निरोध आणि दोन्ही विषाणू वेगळे ओळखणारी चाचणी यांची जोड ठेवावी लागेल.