घरगुती संगणकाचे ओव्हरक्लॉकिंग आणि सुरक्षा : खानदेशच्या संदर्भात

प्रोसेसर त्याच्या उत्पादकाने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. घरच्या संगणकावर ते खेळांसाठी, व्हिडिओ संपादनासाठी आणि बऱ्याचदा निव्वळ हौसेखातर केले जाते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत या हौसेला उन्हाळा आणि वीज अशी दुहेरी वेसण आहे. तिसरा धोका सगळीकडे सारखाच, पण सर्वांत दुर्लक्षित : वेगाच्या नादात संगणकाची सुरक्षा सैल पडते. वेग वाढवण्यासाठी बायोस (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारा, मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम), ड्रायव्हर (हार्डवेअरशी बोलणारा प्रोग्रॅम) आणि व्होल्टेज यांना हात लावावा लागतो, आणि संगणकाची मूळ कुलपेही तिथेच असतात. म्हणून दोन्ही विषय येथे एकत्र घेतले आहेत.

कार्यतत्त्व

प्रोसेसरचा वेग हा मूळ घड्याळ (बोर्डाकडून मिळणारा पायाभूत ठेका) आणि गुणक (त्या ठेक्याची किती पट, तो आकडा) यांचा गुणाकार असतो. सध्याच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांत मूळ घड्याळ १०० मेगाहर्ट्झचे असते. गुणक ४५ ठेवला की वेग ४.५ गिगाहर्ट्झ होतो, ४६ केला की ४.६. पूर्वी गुणक बंदिस्त असे आणि हौशी लोक मूळ घड्याळच पळवत. १९९८ साली आलेला इंटेलचा स्वस्त सेलेरॉन ३००ए याबाबतीत प्रसिद्ध आहे. त्याचा गुणक ४.५ होता; बसचा वेग, म्हणजे हेच मूळ घड्याळ, ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४५० वर चाले. एका झटक्यात दीडपट वेग मिळण्याचा तो काळ आता गेला. आजचे प्रोसेसर थंडावा आणि वीज उपलब्ध असेल तोवर स्वतःच वेग वाढवतात, त्यामुळे हाताने वाढवण्यासाठी फारसे काही उरत नाही. केलेल्या खटाटोपाच्या मानाने पदरात पडते ते थोडेच, हे आधीच लक्षात ठेवलेले बरे.

प्रत्येक प्रोसेसर यासाठी खुला नसतो. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी ‘के’ असलेले प्रोसेसर आणि सोबत झेड मालिकेचा मदरबोर्ड लागतो. एएमडीचे २०१७ पासूनचे रायझन प्रोसेसर बहुतांशी खुले असतात, मात्र ए३२० किंवा ए५२० सारख्या स्वस्त बोर्डांवर ही सोय नसते. लॅपटॉपच्या बाबतीत हा नाद सोडलेलाच बरा. त्याचा पंखा आहे तेवढ्याच वेगाला जेमतेम पुरतो.

वेग वाढला की स्थिरतेसाठी व्होल्टेज वाढवावे लागते, आणि खरी अडचण इथे सुरू होते. प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या सम प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ४.० गिगाहर्ट्झ आणि १.२० व्होल्टवरून ४.४ गिगाहर्ट्झ आणि १.३२ व्होल्टवर गेले, तर वेग १० टक्के वाढतो आणि वीज सुमारे ३३ टक्के. ही सगळी जादा वीज उष्णता होऊन त्याच खोलीत येते.

उन्हाळा

मे महिन्यात भुसावळ आणि जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. प्रोसेसरवरचा कूलर हवेचा असो की पाण्याचा, त्याला प्रोसेसर खोलीच्या तापमानाखाली नेता येत नाही. तो फक्त दोघांमधले अंतर कमी राखतो. पूर्ण भाराखाली हे अंतर ५० अंशांचे आहे असे धरले, तर २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७५ वर राहील आणि ४२ अंशांच्या खोलीत ९२ वर. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांची आहे, रायझन ७००० मालिकेची ९५. मर्यादा गाठली की प्रोसेसर जळत नाही. जीव वाचवण्यासाठी आपला वेग आपणच उतरवतो. म्हणजे वाढीव वेगासाठी जास्त वीज मोजायची आणि दुपारी दोन वाजता मूळ वेगापेक्षाही कमी वेग पदरात घ्यायचा, असा उफराटा व्यवहार होतो. परदेशी व्हिडिओंत दाखवलेले आकडे बहुधा वीस-बावीस अंशांच्या वातानुकूलित खोलीतले असतात. ते जसेच्या तसे उचलून रावेर किंवा शिरपूरच्या माडीवर लावणाऱ्याची फसगत ठरलेली.

खोली कुठली, यावर बरेच अवलंबून असते. धाब्याच्या घरातली मातीची जाड छत दुपारची तलखी आत येऊ देत नाही, पण वरून माती झरते आणि पंख्याच्या पात्यांवर बसते. स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावरची खोली सर्वांत वाईट. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो, आणि मुलांचा संगणक नेमका तिथेच असतो. पत्र्याच्या खोलीविषयी न बोललेलेच बरे.

खोली गार करणारा पाण्याचा कूलर एप्रिलच्या कोरड्या हवेत चांगले काम करतो आणि खोली उतरली की प्रोसेसरही तितकाच उतरतो. मात्र कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नये. झोताबरोबर बारीक तुषार येतात, त्यातले क्षार सुकून बोर्डावर राहतात, आणि ओलसर धूळ हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये लिंपल्यासारखी घट्ट बसते. जिनिंगच्या परिसरात या धुळीत रुईचे तंतू मिसळतात. असा कॅबिनेट उघडला तर पंखा आणि हीटसिंक यांच्यामध्ये राखाडी रंगाची सलग चटई दिसते. पंखा फिरत असतो, हवा मात्र पलीकडे जात नसते. ही चटई काढली आणि प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली, वाळून पापडी झालेली थर्मल पेस्ट बदलली, तर एक पैशाचे ओव्हरक्लॉकिंग न करता संगणक पूर्ववत धावतो. दुकानात ‘सीपीयू हँग होतो’ म्हणून येणाऱ्या तक्रारीवर पहिला उपाय हाच करून पाहावा. ब्लोअरने सफाई करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ती झोताने नको तितकी गरगरून बेअरिंग खराब होते.

उन्हाळ्यात खरे उपयोगी पडते ते उलटे तंत्र : तोच वेग कमी व्होल्टेजवर मिळवणे, म्हणजे अंडरव्होल्टिंग. रायझनमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर या सोयीने उणे १०, उणे १५ असे टप्प्याटप्प्याने उतरता येते; काही बोर्डांवर इको मोड निवडून विजेची कमाल मर्यादाच खाली आणता येते. तापमान घटले की प्रोसेसर स्वतःचा बूस्ट, म्हणजे आपणहून वाढवलेला वेग, जास्त वेळ टिकवतो. खानदेशात मार्च ते जून या काळात ओव्हरक्लॉकिंगपेक्षा हा मार्ग अधिक फलदायी आहे, असे ठामपणे म्हणता येते.

वीज

गावठाणातला वीजपुरवठा मोटारी चालू-बंद होताना खाली-वर होतो आणि भारनियमन पाचवीला पुजलेले. चांगला एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, बराच चढउतार सोसतो. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला सोसत नाही. ओव्हरक्लॉकिंगचा विचार असेल तर पहिला खर्च एसएमपीएसवर आणि अर्थिंगवर करावा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असे समजावे आणि आधी वायरमनला बोलवावे.

घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा असतो. ग्राफिक्स कार्ड आणि वाढीव वेगाचा प्रोसेसर मिळून तो ओलांडतात, मग वीज जाताच यूपीएस एकदा ओरडतो आणि संगणकासह बंद पडतो. इन्व्हर्टरवर संगणक चालवायचा तर त्याच्या मागचे बटण यूपीएस मोडवर असल्याची खात्री करावी, कारण साध्या मोडमध्ये वीज बदलायला लागणारा वेळ संगणकाला पुरतो तेवढा कमी नसतो.

सुरक्षेचा भाग

घरगुती संगणकाच्या सुरक्षेची मूलतत्त्वे थोडी आणि रटाळ आहेत : यंत्रणा अद्ययावत ठेवणे, रोजच्या कामासाठी प्रशासकाचे खाते न वापरणे, प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी, महत्त्वाच्या फायलींची संगणकापासून अलग ठेवलेली प्रत. विंडोज १० चा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा जुन्या यंत्रावर तेच वापरणाऱ्याने निदान बँकेचे व्यवहार तरी त्यावर करू नयेत. पैशांची फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावे. रक्कम पुढे सरकण्याआधी ती रोखली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सर्वाधिक असते.

ओव्हरक्लॉकिंगशी थेट जोडलेले धोके मात्र वेगळे आहेत आणि त्यांची माहिती कमी असते. वेग-व्होल्टेज बदलणाऱ्या प्रोग्रॅमना हार्डवेअरपर्यंत पोहोचण्यासाठी सर्वोच्च अधिकाराचा ड्रायव्हर लागतो. ग्राफिक्स कार्डचा वेग वाढवणाऱ्या एमएसआय आफ्टरबर्नर या लोकप्रिय प्रोग्रॅमबरोबर येणाऱ्या ड्रायव्हरमधली उणीव २०१९ मध्ये नोंदली गेली, आणि २०२२ मध्ये ब्लॅकबाइट या खंडणीखोर टोळीने सुरक्षा प्रोग्रॅम निकामी करण्यासाठी तोच ड्रायव्हर वापरला. पंख्यांचे आणि तापमानाचे अनेक प्रोग्रॅम ज्यावर उभे आहेत त्या विनरिंग० ड्रायव्हरला २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडरने धोकादायक ठरवून अडवायला सुरुवात केली. अशा वेळी ‘अँटिव्हायरस बंद करा, मग चालेल’ हा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नये. आफ्टरबर्नरच्या नावाने बनावट संकेतस्थळेही निघाली आहेत. शोधयंत्रात सर्वांत वर दिसणारी जाहिरात दाबणारा माणूस त्यांत अडकतो.

व्होल्टेज हेच हत्यार बनू शकते, हे डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या प्लंडरव्होल्ट या हल्ल्याने दाखवले. इंटेल प्रोसेसरचे व्होल्टेज प्रोग्रॅममधून क्षणभर घटवून त्याच्या सुरक्षित कप्प्यातली गणिते चुकवायची आणि गुपिते काढायची, अशी त्याची रीत होती. त्यानंतर आलेल्या बायोस अद्यतनांमुळे अनेक लॅपटॉपांवर अंडरव्होल्टिंगची सोयच बंद झाली. काही जण ती परत मिळवण्यासाठी जुना बायोस टाकतात. तसेच जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या दोषांवरचे उपाय वेगासाठी बंद करणारेही आहेत, आणि विंडोजमधली मेमरी इंटेग्रिटी (घातक ड्रायव्हरांना अटकाव करणारी सोय) बंद ठेवणारेही. खेळात चार फ्रेम जास्त मिळतात. त्याच संगणकावर वडिलांचे नेट बँकिंग उघडत असेल तर हा सौदा तोट्याचा आहे.

सर्वांत भाबडा विश्वास बायोसच्या पासवर्डवर असतो. बऱ्याच डेस्कटॉपवर बोर्डावरचा सीआर २०३२ सेल काढला किंवा ठरलेला जम्पर जोडला की वेगाच्या सेटिंगबरोबर तो पासवर्डही पुसला जातो. स्क्रू ड्रायव्हर हाती असलेल्यापासून माहिती वाचवायची तर डिस्कवर विंडोजच्या बिटलॉकरसारखे कूटलेखन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी साठवण, हवे. पण बिटलॉकर चालू असताना बायोस अद्ययावत केला किंवा टीपीएम (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप), सिक्युअर बूट (सुरुवातीलाच अनोळखी प्रोग्रॅम अडवणारी सोय) यांची सेटिंग बदलली, तर पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. विंडोज ११ अनेक नव्या संगणकांवर हे कूटलेखन न विचारता चालू करते, त्यामुळे मालकाला ते असल्याचा पत्ताच नसतो. बायोसला हात लावण्याआधी मायक्रोसॉफ्ट खात्यात ही की आहे का ते पाहून ती कागदावर उतरवावी आणि बिटलॉकर तात्पुरता स्थगित करावा.

कृती

बदल शक्यतो बायोसमध्येच करावेत. तिथे केलेल्या सेटिंगला कुठलाही बाहेरचा ड्रायव्हर लागत नाही आणि वेगाचा व सुरक्षेचा प्रश्न एकदमच सुटतो. सुरुवात बायोस अद्ययावत करून व्हावी. २०२३ मध्ये काही रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे जळाले, तेव्हा नव्या बायोसने एसओसीचे (प्रोसेसरच्या मेमरी वगैरे सांभाळणाऱ्या भागाचे) व्होल्टेज १.३ वर रोखले. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे अनेक डेस्कटॉप प्रोसेसर जादा व्होल्टेजनेच अस्थिर होत असल्याचे मान्य झाले आणि दुरुस्ती पुन्हा बायोसमधूनच आली. म्हणजे अद्यतन टाळणाऱ्याचा प्रोसेसर ओव्हरक्लॉकिंग न करताही झिजत होता. बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. भारनियमनाचे वेळापत्रक पाहून, यूपीएस भरलेला असतानाच हे काम काढावे.

मग प्रथम मूळ सेटिंगवर तापमान आणि वेग नोंदवून घ्यावा. एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्रॅम त्यासाठी पुरेसा आहे. गुणक एकेकाने वाढवावा, प्रत्येक पायरीवर सिनेबेंच किंवा ओसीसीटी हे प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारे चाचणी प्रोग्रॅम चालवून पाहावे, आणि अडखळले तरच व्होल्टेज अगदी थोडे वाढवावे. तापमान ८५ अंशांच्या पुढे जाऊ लागले की थांबावे. संगणक बंद पडला नाही म्हणजे तो स्थिर आहे असे नव्हे : विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) डब्ल्यूएचईएच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी दिसू लागल्या तर प्रोसेसर चुका करत आहे आणि त्या कशाबशा झाकल्या जात आहेत. मेमरीचा वेग वाढवताना ही बाब अधिक घातक ठरते, कारण चुकीची माहिती निमूटपणे डिस्कवर लिहिली जाते आणि लग्नाच्या फोटोंची फाइल कित्येक महिन्यांनी उघडत नाही तेव्हा कळते. मेमटेस्ट८६ हा मेमरी तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवल्याशिवाय मेमरीची सेटिंग कायम करू नये. ओव्हरक्लॉकिंगने झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही, हेही दुकानदाराशी हुज्जत घालण्याआधी माहीत असावे.

चाचणीचा हंगाम महत्त्वाचा. पौषात पहाटे स्थिर ठरलेली सेटिंग आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दुपारी कोसळते. म्हणून अंतिम चाचणी एप्रिल-मेमध्ये, भर दुपारी, कूलर बंद ठेवून घ्यावी. बहुतेक बोर्डांवर सेटिंगचे एकाहून अधिक संच जतन करता येतात. एक मृगापर्यंतचा आणि एक दिवाळीनंतरचा असे दोन ठेवणे सोयीचे पडते. बायोसचे पुढचे अद्यतन हे संच बहुधा पुसून टाकते, त्यामुळे प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा.