वाळूवरच्या घोड्याची गव्हाण

अलिबाग, काशीद, मुरूडच्या किनाऱ्यावर फेऱ्या मारणाऱ्या घोड्यापुढे वैरण जमिनीवर टाकणं सगळ्यात सोपं. मान खाली घालून खाणं त्याच्या शरीराला मानवतंही, कारण नाकातली धूळ आणि शेंबूड आपोआप बाहेर येतो. अडचण खालच्या वाळूची. घासागणिक ती पोटात जाते, जड असल्यामुळे मोठ्या आतड्याच्या तळाशी बसते, अस्तर घासते आणि साठली की वाट अडवते. आधी जुलाब, मग पोटशूळ. तपासायचं तर ताजी लीद ढिगाच्या वरून, जमिनीला न लागलेली घ्यावी आणि पारदर्शक बरणीत पाण्यात ढवळून ठेवावी. तळाशी चमचाभर वाळू बसली तर डॉक्टरांना बोलवावं. वाळू दिसली नाही म्हणजे पोटात नाहीच, असं मात्र नाही.

म्हणून गव्हाण हवी, पण बुटकी. उंच गव्हाणीतून भुसा डोळ्यांत आणि नाकात पडतो. एका घोड्याला 4 फूट लांब, अडीच फूट रुंद, दोन फूट उंच अशी भरीव फळ्यांची पेटी पुरते. तळाला पाणी निथळण्यापुरती बारीक भोकं ठेवावीत. पेटीला पाय लावू नयेत, खुराने उकरताना घोड्याचा पाय खाली अडकतो. खाऱ्या हवेत साधे खिळे गंजून वर येतात, तेव्हा स्टेनलेस स्टीलचे बोल्ट घ्यावेत आणि त्यांची डोकी लाकडात बुडवावीत. कुंपणाच्या खांबांना लावतात ते जळकं ऑइल इथे अजिबात नको, घोडा लाकूड कुरतडतो. पेटीखाली आणि चहूबाजूंनी चार-पाच फुटांपर्यंत जाडजूड रबरी चटई अंथरावी, कारण निम्मी वैरण तो बाहेरच ओढतो. चटई रोज झाडली नाही तर ती वाळूचीच परात होते.

गुरांसाठीची लोखंडी गजांची गोल गव्हाण घोड्याला देऊ नये. गाय मान घालून उभी राहते. घोडा दचकतो, मागे झेपावतो आणि मान किंवा पाय गजांत अडकवून घेतो.

वैरण भरून टांगायच्या जाळीचा मोह किनाऱ्यावर फार, कारण टाकून दिलेलं मासेमारीचं जाळं फुकट मिळतं. तेच सगळ्यात घातक. बारीक नायलॉन नाल आणि खुराच्या फटीत शिरतं, आणि घोडा झटका देतो तसं आणखी आवळतं. चार-पाच सेंटिमीटर छिद्रांची जाड दोरीची जाळी चांगली, तिच्यातून वैरण हळूहळू निघते. याला महत्त्व आहे: घोड्याच्या जठरात आम्ल दिवसभर पाझरतं आणि पोट तासन् तास रिकामं राहिलं तर व्रण होतात. 300 किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण 5 ते 6 किलो सुकी वैरण लागते. ती दोन वेळा ओतण्यापेक्षा दिवसभर पुरवावी. जाळी रिकामी होऊन लोंबली तरी घोड्याच्या छातीच्या वरच राहील इतकी उंच बांधावी, आणि कडीला थेट न बांधता ओढ बसताच तुटणाऱ्या सुतळीच्या फासाला बांधावी. पायात नाल असेल तर पेटीच बरी.

दोन घोडे असतील तर तीन गव्हाणी, एकमेकींपासून दहा-बारा फुटांवर, कुंपणाच्या कोपऱ्यात नकोत. दांडगा घोडा दुसऱ्याला कोपऱ्यात कोंडतो.

पावसाळ्यात वर छप्पर हवंच. भाताचा पेंढा पोट भरायला थोडा चालतो. त्यात पोषण कमी, सिलिका जास्त, आणि नुसत्या पेंढ्यावर ठेवलं तर आतड्यात बोळा बसू शकतो. गव्हाणीच्या तळाचा ओला थर रोज काढावा. बुरशी लागलेला भारा उन्हात वाळवून उपयोग नाही, बुरशीचे कण तसेच राहतात आणि घोड्याला धाप लागते. तो सरळ खतखड्ड्यात टाकावा, गुरांपुढेही नको.