नाझारेची लाट आणि कॅमेऱ्याला न दिसणारी दरी

पोर्तुगालमधील नाझारे या मच्छीमारांच्या गावी चित्रित झालेल्या सर्फिंगपटांत एक दृश्य हमखास असते: कड्यावरचे दीपगृह, त्याच्याही वर चढलेली लाट आणि तिच्या उतारावर ठिपक्याएवढा माणूस. लांब पल्ल्याच्या लेन्समुळे दीपगृह आणि लाट एकमेकांना खेटून उभी असल्यासारखी भासतात, त्यामुळे लाट आहे त्याहून अजस्र दिसते. एचबीओच्या २०२१ मधील माहितीपटमालिकेचे तर नावच ‘हंड्रेड फूट वेव्ह’ आहे. प्रत्यक्षात सेबास्टियन श्टॉइटनर या जर्मन सर्फरने २०२० साली नाझारेला जी लाट पार केली, तिची गिनेसने नोंदवलेली उंची ८६ फूट आहे.

अर्थात तीही थोडी नव्हे, आणि तिचे श्रेय पडद्यावर क्वचितच दिसणाऱ्या समुद्रतळाला आहे. अटलांटिकमधील दूरच्या वादळांनी उठवलेल्या, पंधरा सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटांची लांबी खोल पाण्यात सुमारे ३५० मीटर आणि वेग ताशी ८४ किलोमीटर असतो. लांबीच्या निम्म्याहून कमी खोल पाण्यात शिरताच लाटेला तळ जाणवू लागतो. वीस मीटर खोलीवर वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास उतरतो. नाझारेसमोर मात्र सुमारे २०० किलोमीटर लांबीची, खोल समुद्रात जवळजवळ ५,००० मीटरपर्यंत उतरणारी दरी थेट किनाऱ्यापाशी येते. दरीवरचा लाटेचा भाग वेग राखून पुढे जातो आणि उत्तरेच्या उथळ तळावरचा भाग मागे रेंगाळतो, त्यामुळे लेझीमची रांग वळावी तशी लाट उथळ बाजूकडे वळते. प्राइया दो नोर्ते या पुळणीसमोर ती उथळावरून सरळ आलेल्या लाटेला तिरकी मिळते. माथ्यावर माथा आला की उंचीत उंची मिसळते, आणि किनाऱ्यालगत वाहत येऊन समुद्राकडे परतणारा प्रवाह समोरून भिडल्याने तो उंचवटा आणखी उभट होतो.

अशा चित्रफिती ‘पौर्णिमेला खवळलेला समुद्र’ म्हणून पुढे ढकलणाऱ्यांनी चंद्राला यातून मोकळे करावे. त्याच्यामुळे भरती येते, वाऱ्याची लाट नव्हे. आपल्याकडेही पावसाळ्यात ‘मुंबईत साडेचार मीटरच्या लाटा’ अशा बातम्या छापल्या जातात, तेव्हा तो आकडा बहुधा भरतीच्या पाण्याच्या पातळीचा असतो.

कड्याच्या दक्षिणेला, गावाच्या पुळणीवर, लाटा पुष्कळ लहान असतात, कारण दरीच्या माथ्यावरून दोन्ही बाजूंना वळताना लाटेची ऊर्जा तिथे पांगलेली असते.