जीज बेंड

अमेरिकेच्या दक्षिण भागात, अलाबामा राज्याच्या विल्कॉक्स कौंटीत असलेली कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची छोटी वस्ती. लोकसंख्या २७५ (२०१०). अलाबामा नदी येथे मोठा वळसा घेऊन गावाला तीन बाजूंनी वेढते. टपालखात्याच्या लेखी १९४९ पासून गावाचे नाव बॉइकिन. ते एका गोऱ्या काँग्रेस-सदस्याचे. गावकऱ्यांच्या तोंडी मात्र ‘बेंड’च.

हा प्रदेश ‘ब्लॅक बेल्ट’ या काळ्या मातीच्या पट्ट्यात गणला जातो. काळे रान आणि कापूस हे नाते वऱ्हाडातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. १८६१–६५ च्या यादवी युद्धात दक्षिणेचा कापूस अडला, तेव्हाच वऱ्हाडच्या कापसाला भाव चढले होते. फरक एवढाच, की येथे तो गुलामांच्या हातून पिकत होता. उत्तर कॅरोलायनातून आलेल्या जोसेफ जीने १८१६ मध्ये नदीच्या या वळशात मळा वसवला. पुढे कर्जाच्या फेडीत तो जोसेफ जीच्या वारसांकडून मार्क पेटवेकडे गेला. पेटवेने १८४६ च्या सुमारास शंभरएक गुलाम उत्तर कॅरोलायनाहून येथवर पायी चालवत आणले. त्यांच्यावर लादलेले ‘पेटवे’ हे आडनाव आजही गावात सर्वाधिक आढळते. एकमेकांशी काही नाते नसलेली घरेही पेटवेच.

गुलामी संपली तरी जमीन मालकाचीच राहिली. माणसे तेथेच वाट्याने किंवा खंडाने कापूस करू लागली, आणि बी-बियाणे व धान्य नदीपलीकडच्या कॅमडेनच्या दुकानदाराकडून उधारीवर आणू लागली. कापसाचे भाव कोसळल्यावर १९३२ मध्ये अशाच एका दुकानदाराच्या विधवेने वसुलीसाठी सुमारे ६० कुटुंबांवर जप्ती आणली. जनावरे, अवजारे, साठवलेले धान्य, सगळे नेले. तो हिवाळा रेडक्रॉसच्या शिध्यावर निघाला. नंतर रूझवेल्ट सरकारने मळ्याची जमीन विकत घेतली, घरे बांधली आणि १९४० च्या दशकात सवलतीच्या कर्जावर ती कुटुंबांच्या नावे केली. गावाच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना हीच म्हणावी लागेल. कारण पुढे १९६० च्या दशकात मतदार-नोंदणीला गेलेल्या कृष्णवर्णीय कुळांना कौंटीत इतरत्र मालक घराबाहेर काढत होते. येथल्यांना काढणारा मालकच उरला नव्हता.

मग त्यांची वाट अडवली गेली ती नदीवर. कौंटीचे ठाणे कॅमडेन पलीकडच्या काठाला. फेरीबोटीने गेले तर जवळ, रस्त्याने गेले तर सुमारे ६५ किमी. कृष्णवर्णीय बहुसंख्य असूनही १९६५ च्या आरंभी कौंटीत त्यांच्यापैकी एकाचेही नाव मतदारयादीत नव्हते. नोंदणीची चळवळ सुरू होताच, १९६२ मध्ये ही फेरीबोट बंद करण्यात आली होती. मार्टिन ल्यूथर किंग फेब्रुवारी १९६५ मध्ये येथल्या चर्चमध्ये येऊन बोलले. त्याच दशकात मिलर्स फेरी येथील धरणाच्या फुगवट्याखाली गावाची काही सुपीक जमीनही गेली.

जगाला हे गाव माहीत झाले ते गोधड्यांमुळे. विटलेले डेनिम, पिठाची पोती, कामावरचे सदरे यांचे तुकडे जोडून बायका थंडीसाठी त्या शिवत. आपल्याकडच्या वाकळेसारखी गरज तीच, पण तुकड्यांची मांडणी ठसठशीत आणि मुद्दाम वाकडी. चौकोनाभोवती चौकोन वाढवत नेणाऱ्या नमुन्याला ‘हाउसटॉप’ म्हणतात. १९६६ मध्ये परिसरातील बायकांची ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था उभी राहिली. १९७२ मध्ये तिला सिअर्स कंपनीकडून कॉर्डरॉयचे (उभ्या रेघांच्या जाड सुती कापडाचे) उशांचे अभ्रे शिवण्याचे काम मिळाले. त्यातल्या चिंध्या घरोघर गेल्या आणि कॉर्डरॉयच्या गोधड्यांची एक वेगळीच परंपरा निघाली. या गोधड्यांचे प्रदर्शन २००२ मध्ये ह्यूस्टनच्या व न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भरले, तेव्हा समीक्षकांनी त्यांना आधुनिक अमूर्त चित्रांच्या पंक्तीत बसवले. शिवणाऱ्यांच्या दृष्टीने त्या अंगावर घ्यायच्याच होत्या.

२००६ मध्ये अमेरिकी टपालखात्याने या गोधड्यांची तिकिटे काढली. त्याच वर्षी, ४४ वर्षांनी, फेरीबोट पुन्हा सुरू झाली. २०१९ पासून ती विजेवर चालते.