पार्श्वभूमी : कालवडीला टोचलेली लस माणसाला कशी वाचवते

देवणी किंवा लाल कंधारी गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली (गर्भ पडला) आणि वार (गर्भाची नाळ-वेष्टण) अडकली, की मराठवाड्यात अनेक घरांत ती उघड्या हातांनीच काढली जाते. जनावरांना गाभडवणाऱ्या आणि माणसालाही होणाऱ्या ब्रुसेला रोगाचे जिवाणू सर्वाधिक असतात ते याच वारेत. हाताला बारीक चीर असली तरी त्यांना तेवढी वाट पुरते. मग ताप येतो-जातो, रात्री घामाने अंथरूण भिजतं, कंबर धरते. टायफॉइड, मलेरियाच्या तपासण्या होत राहतात. गोठ्याबद्दल कुणी विचारत नाही.

हा जिवाणू आधी सापडला तो माणसात. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस यांनी माल्टा बेटावर तापाने दगावलेल्या सैनिकाच्या प्लीहेतून तो वेगळा केला. दिसायला ठणठणीत असलेल्या शेळ्यांकडून तो येतो, हे कळलं १९०५ मध्ये, थेमिस्टोक्लीस झामित यांच्यामुळे. गाईंच्या गर्भपाताचा जिवाणू डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी १८९७ मध्येच शोधला होता. दोन्ही एकाच कुळातले, असं अ‍ॅलिस इव्हान्स यांनी १९१८ मध्ये मांडलं. सुरुवातीला त्यांचं फारसं कुणी ऐकलं नाही.

आज वापरात असलेल्या एस-१९ लशीचं मूळ १९२३ मधलं. अमेरिकेत जॉन बक यांनी जर्सी गाईच्या दुधातून मिळवलेला जिवाणू प्रयोगशाळेत वर्षभराहून जास्त काळ तसाच राहिला आणि त्याचा जोर ओसरला. तरी लस जिवंतच आहे. गाभण गाईला टोचली तर ती गाभडू शकते, टोचणाऱ्याच्या बोटात सुई गेली तर त्यालाच बाधा होऊ शकते. म्हणून ती फक्त चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि वगारींना (म्हशीच्या मादी वासरांना), आयुष्यात एकदाच देतात. माणसासाठी आपल्याकडे ब्रुसेलाची लस नाही, त्यामुळे कालवडीची लस हीच गोठ्यात राबणाऱ्या बाईचीही ढाल.

सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राचा राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. लाळ्या-खुरकूतबरोबर ब्रुसेलाही त्यात आला. पण तो गाई-म्हशींपुरता. माणसाला सर्वांत जास्त छळणारा ब्रुसेला शेळ्या-मेंढ्यांचा असतो, आणि उस्मानाबादी शेळी तर भूमिहीनाच्या घरचा आधार. तिच्यासाठी रेव्ह-१ ही लस जगात १९५० च्या दशकापासून आहे. मराठवाड्यात या रोगाला खरोखर रोखायचं असेल, तर शेळीला या कार्यक्रमात घ्यायलाच हवं.